सालीतील सुगंध : लिंबू-संत्र्याच्या किसाची ओळख

फळ खावे आणि साल टाकावी, हा आपल्या घरांतील रूढ व्यवहार. लिंबू, संत्रे, मोसंबी या फळांच्या बाबतीत मात्र तो तोट्याचा ठरतो, कारण त्यांचा खरा सुगंध रसात कमी आणि सालीत अधिक असतो. दिवाळीच्या उटण्यात संत्र्याच्या सालीचे चूर्ण घालणाऱ्या आपल्या समाजाला हे ठाऊक नव्हते असे नाही. स्वयंपाकात मात्र आपण या सालीकडे क्वचितच वळलो. पाककृतींच्या पुस्तकांत 'झेस्ट' म्हणून ज्याचा उल्लेख येतो, तो म्हणजे याच सालीचा बारीक कीस.

सालीचे दोन थर

सालीचा बाहेरचा पिवळा, केशरी किंवा हिरवा थर अत्यंत पातळ असतो. त्यात डोळ्यांना ठिपक्यांसारख्या दिसणाऱ्या तैलग्रंथी असतात. संत्र्याची साल मेणबत्तीच्या ज्योतीजवळ दाबली असता ठिणग्या उडतात, त्या या ज्वलनशील तेलामुळेच. संत्र्याच्या तेलाचा बहुतांश भाग 'लिमोनीन' या द्रव्याचा असतो. लिंबाला त्याचा खास वास 'सिट्राल' देते. गवती चहातही सिट्राल विपुल असल्याने त्याचा गंध लिंबाशी जुळतो.

त्याखालचा पांढरा, स्पंजासारखा थर मात्र कडू असतो. कीस कडू झाला, अशी तक्रार ज्यांची असते, त्यांच्या किसात बहुधा हा पांढरा थर उतरलेला असतो. रंगीत भाग घेणे आणि पांढरा सोडणे, एवढेच या कामातील मर्म होय.

निवड व स्वच्छता

सालच खावयाची असल्याने तिची स्वच्छता महत्त्वाची. फवारलेल्या औषधांचे अंश प्रामुख्याने सालीवर राहतात. शिवाय फळे टिकावीत व चकाकावीत म्हणून त्यांवर मेणाचा लेप दिला जातो. २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांनी मधमाशीचे मेण, कार्नोबा मेण किंवा लाख यांच्या लेपास मुभा दिली असली, तरी तशी नोंद लेबलवर असणे आवश्यक मानले आहे. म्हणून परसातील किंवा सेंद्रिय पद्धतीने पिकवलेले फळ मिळाल्यास उत्तम. अन्यथा फळ कोमट पाण्यात मऊ ब्रशने चोळून धुवावे व कोरडे पुसावे. साबण वापरू नये. धुण्याने मेण व मळ बराच निघतो. सालीत मुरलेले औषध मात्र पूर्णपणे निघत नाही, हे लक्षात ठेवावे.

कीस काढण्याची रीत

फळ कापण्यापूर्वी व रस काढण्यापूर्वी कीस काढावा. पिळलेले फळ किसणीवर नीट धरता येत नाही. बारीक भोकांची किसणी घ्यावी, फळ हलक्या हाताने एकाच दिशेने फिरवावे आणि पांढरे दिसू लागताच पुढच्या भागाकडे वळावे. कागदी लिंबाची साल फारच पातळ असल्याने तेथे हात अधिक हलका हवा. मोसंबीची घट्ट साल किसण्यास सोयीची. नागपुरी संत्र्याची साल सैल असते. ते सोलण्याआधी अलगद किसावे, किंवा साल सोलून आतील पांढरा भाग चमच्याने खरवडावा व उरलेल्या सालीचे सुरीने बारीक तुकडे करावेत.

वापर

सुगंधी तेल उष्णतेने उडून जाते. म्हणून शिजणाऱ्या पदार्थात कीस शेवटी, आच बंद करून घालावा. केक किंवा बिस्किटांसाठी तो प्रथम साखरेत बोटांनी चोळावा. साखरेच्या कणांनी तेल शोषले जाऊन सुगंध सर्वत्र सारखा पसरतो. दूध नासेल, ही भीती येथे बाळगण्याचे कारण नाही: दूध फाडणारे आम्ल रसात असते, किसात नव्हे. त्यामुळे बासुंदी, खीर, श्रीखंड यांत अर्धा चहाचा चमचा कीस निर्धास्त घालता येतो. वरण, लेमन राईस किंवा कोशिंबीर यांनाही चिमूटभर कीस पुरतो. बंगालमध्ये गंधराज लिंबाची फोड वरण-भाताबरोबर घेतली जाते, ती मुख्यतः सालीच्या सुवासासाठीच.

साठवण

कीस ताजाच उत्तम. उरल्यास हवाबंद डबीत भरून फ्रीजरमध्ये ठेवावा. साली वाळवावयाच्या तर पांढरा भाग काढून सावलीत वाळवाव्यात, कारण कडक उन्हात सुगंध उडतो. पूर्ण कडकडीत झाल्यावरच बरणीत भराव्यात. ओलावा राहिल्यास बुरशी येते. साखरेत पाकवण्यासाठी साली दोन-तीन वेळा पाणी बदलून उकळल्यास कडवटपणा बराच कमी होतो. मार्मालेडमध्ये मात्र पांढरा थर टाकू नये. त्यातील पेक्टिनमुळेच ते घट्ट होते.

पुढच्या वेळी सरबतासाठी लिंबू कापण्यापूर्वी क्षणभर थांबून त्याची साल किसून ठेवावी. ज्या फळाचे मूल्य आपण एकदा चुकते केले आहे, त्याचा उत्तम भाग केराच्या टोपलीत का जावा? बचतीची सवय अशा लहानसहान गोष्टींतूनच अंगी बाणते. आणि ही बचत तर सुगंधीही आहे.