एका सामन्याचा खेळाडू : रमाकांत आचरेकर
(द्वितीय वर्ष कला)

‘आडातच नाही, तर पोहऱ्यात कोठून येणार?’ ही म्हण आपण सारेच लहानपणापासून ऐकत आलो आहोत. शिकवणाऱ्याच्या बाबतीत तर ती हटकून वापरली जाते. जो स्वतः मोठा खेळाडू झाला नाही, तो दुसऱ्याला मोठा खेळाडू काय करणार? गेल्या वर्षापर्यंत मलाही हे पटत होते. परंतु आपल्याच मातीतल्या एका माणसाची हकीकत वाचली आणि म्हणीवरचा माझा विश्वास डळमळला. तीच हकीकत आज आपल्यापुढे मांडत आहे.

रमाकांत आचरेकर यांचा जन्म १९३२ साली मालवणात झाला. मालवण आज सिंधुदुर्ग जिल्ह्यात असले, तरी १ मे १९८१ पर्यंत ते आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातच होते. म्हणजे जुन्या हिशेबाने ते आपल्या जिल्ह्याचेच सुपुत्र! कोकणातल्या असंख्य कुटुंबांप्रमाणे त्यांचेही आयुष्य मुंबईत गेले. १९४५ साली ते न्यू हिंद स्पोर्ट्स क्लबकडून खेळू लागले. पुढे त्यांनी स्टेट बँकेत नोकरी केली आणि नोकरी सांभाळून क्रिकेट चालू ठेवले. १९६३-६४ च्या हंगामात मोईन-उद-दौला स्पर्धेत ते स्टेट बँकेच्या संघाकडून हैदराबादविरुद्ध खेळले. प्रथम दर्जाचा हा त्यांचा पहिला सामना, आणि शेवटचाही तोच. खेळाडू म्हणून त्यांची कारकीर्द एवढीच. अशा खेळाडूचे नाव एरवी कोणाच्या स्मरणात राहिले असते?

मात्र नाव राहिले, कारण त्यांनी मैदान सोडले नाही. दादरच्या शिवाजी पार्कवर त्यांनी कामत मेमोरियल क्रिकेट क्लब उभा केला आणि मुलांना शिकवायला सुरुवात केली. चंद्रकांत पंडित, बलविंदरसिंग संधू, प्रवीण आमरे, विनोद कांबळी, सचिन तेंडुलकर, अजित आगरकर, रमेश पोवार ही सारी त्यांच्या हाताखालून गेलेली मुले. यांपैकी संधूने १९८३ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात गॉर्डन ग्रिनिजचा त्रिफळा उडवला. आमरेने १९९२ मध्ये डर्बनला आपल्या पहिल्याच कसोटीत शतक झळकावले. तेंडुलकरविषयी मी वेगळे काय सांगावे!

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आचरेकर सर नेमके काय करीत? त्यांच्या शिष्यांनी वेळोवेळी जे सांगितले आहे, त्यावरून त्यांच्या पद्धतीची तीन अंगे माझ्या ध्यानात आली.

पहिले अंग म्हणजे सामने. नेटमधल्या सरावापेक्षा प्रत्यक्ष सामन्यात मूल अधिक शिकते, असा सरांचा विश्वास होता. नेटमध्ये बाद झाले तरी पुढचा चेंडू खेळायला मिळतो. सामन्यात झाडाखाली जाऊन बसावे लागते. १९८४ साली अकरा वर्षांचा सचिन त्यांच्याकडे आला, तेव्हा उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याला त्यांनी सामन्यांवर सामने खेळवले. एका मैदानावरचा डाव आटोपला की सर त्याला स्कूटरवर बसवून दुसऱ्या मैदानावर नेत. २०१३ साली वानखेडेवरच्या निरोपाच्या भाषणात सचिनने या स्कूटरची आठवण सांगितली होती.

दुसरे अंग म्हणजे नाण्याची युक्ती. सरावाच्या अखेरीस, पोर दमलेले असताना, सर यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवीत. गोलंदाजाने बाद केले तर रुपया त्याचा. फलंदाज शेवटपर्यंत टिकला तर रुपया फलंदाजाचा. क्षेत्ररक्षणाला मैदानावरची सारी मुले उभी! अशा वेळी चेंडू जमिनीलगत ठेवूनच खेळावे लागे. सचिनने अशी तेरा नाणी मिळवली आणि ती जपून ठेवली. दमलेल्या शरीराने चित्त एकाग्र कसे ठेवावे, हे सरांनी एका रुपयात शिकवले.

तिसरे अंग म्हणजे लक्ष आणि मौन. सर दूर, मुलांना दिसणार नाही अशा जागी उभे राहून खेळ पाहत, चुका लक्षात ठेवत आणि नंतर एकेकाला सांगत. कौतुक मात्र करीत नसत. ‘छान खेळलास’ हे शब्द सरांच्या तोंडून आपण कधी ऐकले नाहीत, असे सचिनने त्याच निरोपाच्या भाषणात सांगितले. शिष्य हुरळून जाऊ नये, एवढाच त्यामागचा हेतू.

या पद्धतीचे फळ साऱ्या जगाने पाहिले ते फेब्रुवारी १९८८ मध्ये. आझाद मैदानावर हॅरिस शील्डच्या उपांत्य सामन्यात शारदाश्रम विद्यामंदिराच्या सचिनने नाबाद ३२६ आणि विनोदने नाबाद ३४९ धावा केल्या. भागीदारी झाली ६६४ धावांची! त्या सामन्याची एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. डाव सोडण्याच्या खुणा दोघे न पाहिल्यासारखे करीत होते. अखेर जेवणाच्या सुट्टीत सरांना फोन लागला. विनोदला साडेतीनशेसाठी एकच धाव हवी होती. सरांनी मात्र डाव सोडायला लावला. विक्रमापेक्षा सामना मोठा, हा धडा यापेक्षा स्पष्ट कसा द्यावा?

आता कोणी म्हणेल, हा अपवाद आहे. म्हणून जरा बाहेरच्या जगाकडे पाहू. फुटबॉलमध्ये खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दोन्ही नात्यांनी विश्वचषक जिंकणारे तीनच पुरुष आहेत : ब्राझीलचा झागालो, जर्मनीचा बेकेनबाउर आणि फ्रान्सचा देशाँ. बेकेनबाउर १९७४ साली पश्चिम जर्मनीचा विजेता कर्णधार होता आणि १९९० साली विजेता प्रशिक्षक. त्याच्या बाबतीत आडही भरलेला आणि पोहराही. पण त्याच पश्चिम जर्मनीला १९५४ साली पहिला विश्वचषक मिळवून देणारे प्रशिक्षक झेप हेर्बेर्गर स्वतः देशाकडून केवळ तीन सामने खेळले होते. त्यांच्या संघाने बर्नच्या अंतिम सामन्यात बलाढ्य हंगेरीला ३-२ असे हरवले. तेव्हा आचरेकर सर एकटे नाहीत.

असे का होत असावे? मला सुचलेले उत्तर अगदी घरगुती आहे. माझी आजी तांदळाची भाकरी उत्तम थापते. परंतु उकडीला पाणी किती घ्यायचे, असे विचारले की म्हणते, ‘ते हाताला कळतं.’ मला भाकरी शिकवली ती माझ्या ताईने, कारण तिच्या भाकऱ्या कित्येक महिने मोडत होत्या आणि त्या का मोडतात हे तिला एकेक करून शोधावे लागले होते. ज्याला विद्या सहज येते, त्याला वाट दिसत नाही. अडखळलेल्याला वाटेतला प्रत्येक दगड ठाऊक असतो. अर्थात नुसते अडखळून भागत नाही, त्या दगडांचा विचार करावा लागतो.

आता थोडे स्वतःविषयी. माझे वडील मिरकरवाड्याच्या बंदरावर मोलमजुरी करतात. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. मी मध्यमगती गोलंदाज. गेल्या वर्षी एका निवड चाचणीत माझे नाव यादीत आले नाही. दोष कोणाचा नाही. त्या दिवशी माझ्या सहा चेंडूंपैकी चार लेग स्टंपच्या बाहेर पडले. घरी आल्यावर बाबा एवढेच म्हणाले, ‘खेळून पोट भरतं का रे?’ मी काही बोललो नाही. त्यांच्या हातांकडे पाहून बोलवलेही नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मात्र वाडीतल्या पोरांना घेऊन मी सड्यावर सराव घेऊ लागलो. नाण्याची युक्ती करून पाहिली. पहिल्या दिवशी माझे चार रुपये गेले. पण एरवी प्रत्येक चेंडू आभाळात मारणारा एक मुलगा त्या दिवशी मान खाली घालून खेळला. त्याचा खेळ पाहताना, माझे नाव यादीत नाही हे मी अर्धा तास विसरून गेलो. बी.ए. झाल्यावर बी.पी.एड. करावे, असे आता मनात येते. बाबांना अजून सांगितलेले नाही. हा अंक घरी नेईन तेव्हा ताई त्यांना वाचून दाखवील.

आचरेकर सरांना १९९० साली द्रोणाचार्य पुरस्कार आणि २०१० साली पद्मश्री मिळाली. २ जानेवारी २०१९ रोजी त्यांचे निधन झाले. ३ डिसेंबर २०२४ रोजी शिवाजी पार्कवर त्यांच्या स्मारकाचे अनावरण झाले. पण त्यांचे खरे स्मारक मला वेगळेच वाटते. त्यांचे शिष्य चंद्रकांत पंडित यांनी प्रशिक्षक या नात्याने मुंबईला, विदर्भाला आणि मध्य प्रदेशालाही रणजी करंडक मिळवून दिला. एका दिव्याने दुसरा दिवा लागला तो असा.

आमच्या वाडीत नळ आला, तरी जुना आड अजून आहे. वरून पाहिले तर त्यात काळोखच दिसतो. पाणी आहे की नाही, हे पोहरा सोडल्यावरच कळते. मित्रहो, म्हण खोटी नाही. आपणच आड वरवर पाहून कोरडा ठरवतो.