लसिकेची वाट आणि हत्तीरोगाचा जंत

पार्श्वभूमी
आयुधनिर्माणीची वसाहत असलेले जवाहरनगर भंडारा जिल्ह्यात आहे. हा जिल्हा पूर्व विदर्भातील हत्तीरोगाच्या पट्ट्यात मोडतो. शरीर रोगजंतूंना कसे रोखते आणि ते कोठे फसते, या दोन्ही गोष्टी हा एक रोग स्पष्ट करतो.

त्वचेचा अडसर
अखंड त्वचा, श्वासमार्गातील श्लेष्मा, अश्रू आणि जठरातील आम्ल बहुतेक जंतूंना बाहेरच थोपवतात. हत्तीरोगाच्या जंतालाही त्वचा सहज भेदता येत नाही. क्युलेक्स डास चावताना जंताच्या अळ्या त्वचेवर पडतात व दंशाच्या छिद्रातून आत शिरतात. त्यांतील बऱ्याच वाया जात असल्यामुळे लागण होण्यास सहसा दीर्घकाळ वारंवार दंश व्हावे लागतात.

जन्मजात प्रतिकार
अडसर ओलांडलेल्या जंतूंना भक्षक पेशी गिळतात. त्या ठिकाणी रक्तवाहिन्या रुंदावतात, अधिक पांढऱ्या पेशी पोचतात. लाली, उष्णता, सूज व वेदना ही त्याची बाह्य लक्षणे होत. हा प्रतिकार तत्काळ असतो, परंतु विशिष्ट जंतूपुरता नेमका नसतो. शिवाय जिवाणू गिळता येतो, काही सेंटीमीटर लांबीचा जंत गिळता येत नाही. अशा वेळी इओसिनोफिल पेशी त्याला चिकटून विषारी द्रव्ये सोडतात.

लसिका व अर्जित प्रतिकार
पेशींभोवती झिरपलेला द्रव लसिकावाहिन्यांतून रक्ताकडे परततो. या वाहिन्यांना हृदयासारखा पंप नाही. त्यांचे स्वतःचे आकुंचन, स्नायूंची हालचाल आणि झडपा यांवर प्रवाह चालतो. वाटेतील लसिकाग्रंथींत जंतूंचे अंश तपासले जातात व त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशी वाढू लागतात. पायाला जखम झाल्यावर जांघेत येणारे अवधाण हे याच कामाचे चिन्ह. त्यानंतर उरणाऱ्या स्मृतिपेशी पुढील हल्ल्यास लवकर उत्तर देतात. लशीचा आधारही हीच स्मृती.

जंताची युक्ती
हत्तीरोगाचा प्रौढ जंत राहतो तो याच लसिकावाहिन्यांत. तेथे तो वर्षानुवर्षे जगतो आणि प्रतिकार मंदावणारे संकेत निर्माण करतो. म्हणून रक्तात त्याच्या असंख्य सूक्ष्म अळ्या असूनही व्यक्ती निरोगी दिसू शकते. या अळ्या प्रामुख्याने रात्री बाह्य रक्तप्रवाहात येतात आणि क्युलेक्स डासही रात्रीच चावतो. रक्तनमुने रात्री घेण्याचे कारण हेच.

हत्तीपाय कसा होतो
जंतामुळे वाहिन्या रुंदावतात, झडपा निकामी होतात, द्रव साचतो. परंतु पाय जाड व खडबडीत होण्यास जंत एकटा कारणीभूत नसतो. लसिका तुंबल्यामुळे त्या भागाचे संरक्षण दुबळे होते, बोटांमधील भेगांतून जिवाणू शिरतात आणि ताप, वेदना व सूज यांचे झटके येतात. प्रत्येक झटका वाहिन्यांची हानी वाढवतो.

औषधांची कामगिरी व मर्यादा
या रोगावर मानवासाठी लस उपलब्ध नाही. सामुदायिक मोहिमेत डीईसी व अल्बेंडाझोल, काही जिल्ह्यांत त्यांच्या जोडीला आयव्हरमेक्टिन दिले जाते. डीईसीचा परिणाम मोठ्या प्रमाणात शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारयंत्रणेद्वारे घडतो. प्रयोगनळीत ते सूक्ष्म अळ्यांवर फारसे प्रभावी ठरत नाही. गोळ्यांनंतर काहींना येणारा ताप किंवा डोकेदुखी बहुधा मरणाऱ्या अळ्यांवरील प्रतिक्रिया असते. गर्भवती, 2 वर्षांखालील बालके व गंभीर रुग्ण यांना या गोळ्या देत नाहीत. सूक्ष्म अळ्या घटल्या की डासांमार्फत होणारा प्रसार आटतो. जुना हत्तीपाय मात्र गोळ्यांनी पूर्ववत होत नाही.

बाहेरून जोड
क्युलेक्स डास घाण, साचलेल्या पाण्यात वाढतो. म्हणून वाहती गटारे, शौचालयाच्या गॅस पाइपला जाळी आणि मच्छरदाणी हे त्वचेच्या अडसराचेच विस्तार ठरतात. सुजलेला पाय रोज साबणाने धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवल्यास जिवाणूंचे झटके कमी होतात. लसिकेने गमावलेले काम पूर्ण भरून येत नाही. साबण, पाणी आणि पायाची हालचाल त्यातील काही वाटा उचलतात.