टोपलीतली द्राक्षवेल



द्राक्ष म्हटले की आपल्याला मांडव आठवतो. पण ग्रीस देशातल्या सँटोरिनी बेटावर जुन्या मळ्यांत ना मांडव, ना तार. तिथे वेल टोपलीसारखी गुंडाळून जमिनीवरच ठेवतात. असे का, ते पाहू.

जमीन : सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी इथे मोठा ज्वालामुखी फुटला. म्हणून जमीन राखेची आणि वजरीसारख्या सच्छिद्र दगडांची. चिकणमाती जवळजवळ नाहीच. १८६० नंतर फायलोक्झेरा या मुळांवरच्या किडीने युरोपातले मळेच्या मळे उठवले. या जमिनीत मात्र तिचे काही चालले नाही. त्यामुळे इथली वेल आजही स्वतःच्या मुळांवर उभी आहे. खुंटावर कलम करावे लागत नाही.

पाणी : पाऊस सरासरी ४०० मिलिमीटरच्या आत, तोही मुख्यतः हिवाळ्यात. उन्हाळ्यात रात्री समुद्राचे धुके येते. दगड तो ओलावा धरून ठेवतात. वेली लांब लांब लावतात, म्हणजे मुळांत ओढाताण होत नाही.

वारा : उन्हाळ्यात उत्तरेचा सोसाट्याचा वारा सुटतो. म्हणून छाटणीनंतर काड्या एकमेकींत विणून टोपली करतात. घड आत, पाने वर. वाऱ्याचा मार नाही, उन्हाचा चटका नाही. काही दशकांनी टोपली थकली की बुडाजवळ कापतात. जुन्या मुळावर नवी फूट येते.

वाइन : असिर्तिको ही तिथली मुख्य पांढरी जात. कडक उन्हातही तिचा आंबटपणा टिकतो. ‘विन्सान्तो’ नावाच्या गोड वाइनसाठी घड तोडून साधारण दोन आठवडे उन्हात सुकवतात. पाणी उडते, साखर दाटते. मग रस काढून आंबवतात आणि ओकच्या पिंपात किमान दोन वर्षे मुरवतात. वरून साखर घालत नाहीत.

या रीतीत सारे काम हाताचे आणि उत्पन्न थोडे. पर्यटन वाढले, तशी मळ्यांची जमीन हॉटेलांकडे जाऊ लागली. रीत कितीही चांगली असो, पदरात दाम पडला तरच ती टिकते.

मग आपणही टोपल्या विणाव्यात का? मुळीच नाही. आपल्या पावसाळी दमट हवेत जमिनीलगतच्या वेलीवर केवडा हटायचा नाही. आपल्याला मोकळी हवा देणारा मांडवच बरा. घ्यायचे ते एवढेच : वेलीला वळण देताना शेजाऱ्याची बाग पाहून देऊ नका; आधी आपल्या रानाची माती, पाणी आणि वारा पाहा.