समुद्रातला ‘कैद्यांचा पेच’

खेळ : रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या दोन नौका घ्या. दोघींनी लहान मासळी सोडली, तर प्रत्येकीला समजा ६ लाख. एकीनेच सोडली, तर तिला २ आणि दुसरीला ८. दोघींनी ओरबाडली, तर ३-३.

पेच : समोरची काहीही करो, ओरबाडणेच फायद्याचे ठरते. म्हणून ६ शक्य असताना दोघी ३ वर अडकतात. एकट्याने चाल बदलून कुणाचाच फायदा होत नाही, अशी ही स्थिती म्हणजे ‘नॅश समतोल’. जॉन नॅश यांना १९९४ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

उगम : मेरिल फ्लड आणि मेल्विन ड्रेशर यांनी १९५० मध्ये हा खेळ मांडला, त्याला ‘कैद्यांचा पेच’ हे नाव देणारी कैद्यांची गोष्ट अल्बर्ट टकर यांची.

सुटका : आकडे बदलले की चाल बदलते. ते बदलण्याचा एक मार्ग म्हणजे कायदा : महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ चा आहे. २०२१ च्या दुरुस्तीने दंड वाढला. ओरबाडणाऱ्या प्रत्येकीला जबर दंड खात्रीने बसला, तर ८ चे ४ होतात आणि लोभ सुटतो. मासेमारीवरची पावसाळी बंदी यांत्रिक नौकांना एकदमच थांबवते. मात्र स्वतः नियम ठरवून एकमेकांवर लक्ष ठेवणारे समुदायही सामायिक साधने टिकवतात, हे दाखवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम २००९ च्या नोबेल मानकरी.