संघ, चाहते आणि महाविद्यालयीन खेळाडू : अमेरिकन फुटबॉलमधील ‘ड्राफ्ट’विषयक वादाचे स्वरूप

प्रस्तावना :

क्रीडा हे केवळ मनोरंजनाचे साधन नाही. समाजाच्या न्याय, संधी आणि गुणवत्ता यांविषयीच्या कल्पना त्यातून व्यक्त होत असतात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत दरवर्षी एप्रिल महिन्याच्या सुमारास याचा विशेष प्रत्यय येतो. या काळात नॅशनल फुटबॉल लीगचा एकही सामना खेळला जात नाही. तरीही आपल्या संघाने कोणत्या महाविद्यालयीन खेळाडूची निवड करावी, या एका प्रश्नावर लक्षावधी चाहते घरांत, कार्यालयांत आणि नभोवाणीच्या कार्यक्रमांत हिरिरीने वाद घालतात. २०२४ मध्ये डेट्रॉईट शहरात झालेल्या तीन दिवसांच्या निवड-सोहळ्यास एकूण ७ लाख ७५ हजारांहून अधिक उपस्थिती नोंदविण्यात आली. प्रत्यक्ष खेळ नसताना केवळ नावे ऐकण्यासाठी एवढा समुदाय जमतो, ही बाब अभ्यासनीय आहे.

येथे ‘फुटबॉल’ या शब्दाने आपल्याकडे परिचित असलेला पायाने खेळावयाचा खेळ अभिप्रेत नाही. लंबगोल चेंडू हातात घेऊन धावत किंवा फेकत प्रतिपक्षाच्या सीमारेषेपलीकडे नेण्याचा हा अमेरिकन खेळ आहे. आक्रमणाची सूत्रे हाती असलेल्या व चेंडू फेकणाऱ्या खेळाडूस ‘क्वार्टरबॅक’ म्हणतात, तर मुख्यतः चेंडू घेऊन धावणाऱ्यास ‘रनिंग बॅक’ म्हणतात. पुढील विवेचनात या दोन संज्ञा वारंवार येतील.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
१) ड्राफ्ट पद्धतीचा उगम व कार्यपद्धती स्पष्ट करणे.
२) चाहत्यांच्या वादामागील प्रमुख भूमिका समजून घेणे.
३) १९९९ च्या एका गाजलेल्या निवडीच्या आधारे त्या वादाचे मूल्यमापन करणे.

ड्राफ्टचा उगम व कार्यपद्धती :

मुले खेळण्यापूर्वी गडी वाटून घेतात, तेव्हा दोन्ही बाजूंचे म्होरके आळीपाळीने एकेकाचे नाव घेतात. ड्राफ्टचे मूळ तत्त्व याहून वेगळे नाही. १९३५ पर्यंत महाविद्यालयातून बाहेर पडणारा खेळाडू कोणत्याही व्यावसायिक संघाशी स्वतंत्रपणे करार करू शकत असे. साहजिकच सधन व यशस्वी संघांकडे चांगले खेळाडू जात आणि दुर्बळ संघ अधिकच दुर्बळ होत. फिलाडेल्फिया ईगल्स या सतत पराभूत होणाऱ्या संघाचे मालक बर्ट बेल यांनी १९३५ मध्ये यावर उपाय सुचविला. सर्वांत तळाच्या संघास निवडीची पहिली संधी मिळावी व त्यानंतर उलट्या क्रमाने इतर संघांनी निवड करावी, असा तो प्रस्ताव होता. तो मान्य होऊन ८ फेब्रुवारी १९३६ रोजी फिलाडेल्फिया येथील एका हॉटेलात पहिला ड्राफ्ट झाला. ९ संघांनी ९ फेऱ्यांत मिळून ८१ खेळाडू निवडले. प्रथम क्रमांकाने निवडला गेलेला शिकागो विद्यापीठाचा जे बरवँगर हा मात्र व्यावसायिक फुटबॉल कधीच खेळला नाही. पहिल्या निवडीपासूनच अनिश्चितता या पद्धतीस चिकटलेली आहे, असे म्हणता येईल.

१९९४ पासून या निवडीच्या ७ फेऱ्या होतात. २००२ पासून लीगमध्ये ३२ संघ आहेत. प्रत्येक संघास आपली पाळी अन्य संघास देऊन त्याबदल्यात दुसऱ्या पाळ्या किंवा खेळाडू घेण्याची मुभा असते. खेळाडू पात्र ठरण्यासाठी त्याचे शालेय शिक्षण संपून किमान तीन वर्षे उलटलेली असावी लागतात. १९८० मध्ये ईएसपीएन या वाहिनीने हा कार्यक्रम प्रथमच दूरचित्रवाणीवर दाखविला. तोपर्यंत कार्यालयीन स्वरूपाची असलेली ही प्रक्रिया तेव्हापासून हळूहळू सार्वजनिक सोहळा बनत गेली.

भारतीय वाचकास २००८ पासून सुरू झालेल्या इंडियन प्रीमियर लीगचा लिलाव परिचित आहे. लिलावात खेळाडूची किंमत बोलीतून ठरते आणि पुरेशी रक्कम राखून ठेवलेला कोणताही संघ त्याच्यासाठी बोली लावू शकतो. ड्राफ्टमध्ये बोली नसते, क्रम असतो. आपली पाळी आल्यावर एकच नाव घ्यावयाचे आणि उरलेली सर्व नावे सोडून द्यावयाची, असे त्याचे स्वरूप आहे. त्यामुळे ‘कोणास घेतले’ याइतकाच ‘कोणास सोडले’ हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो आणि चाहत्यांचा वाद याच प्रश्नाभोवती फिरतो. २००८ मध्ये १९ वर्षांखालील भारतीय खेळाडूंची निवड मात्र आयपीएलनेही ड्राफ्टनेच केली होती. त्या वेळी दिल्लीच्या संघाने स्थानिक विराट कोहलीऐवजी प्रदीप सांगवान या गोलंदाजास पसंती दिली व कोहली बंगळूरूकडे गेला. या निवडीची चर्चा पुढे अनेक वर्षे होत राहिली.

चाहत्यांच्या वादातील प्रमुख भूमिका :

वरवर पाहता हा वाद व्यक्तिगत आवडीनिवडीचा वाटतो. तथापि त्यात काही निश्चित भूमिका आढळतात.

१) गरज विरुद्ध गुणवत्ता : संघात ज्या जागी उणीव आहे त्या जागेचा खेळाडू घ्यावा, असे एक मत असते. उपलब्ध खेळाडूंतील सर्वोत्तम तो घ्यावा, मग त्याची जागा कोणतीही असो, असे दुसरे मत असते. पहिल्या मताचा भर येत्या हंगामावर, तर दुसऱ्याचा पुढील काही वर्षांवर असतो.

२) जागेचे मूल्य : सर्व जागांचे महत्त्व सारखे नसते. सामन्याच्या निकालावर क्वार्टरबॅकचा प्रभाव सर्वाधिक असतो व त्याची कारकीर्दही दीर्घ असू शकते. रनिंग बॅकला प्रत्येक धावेत अंगावर आघात सोसावे लागत असल्याने त्याची कारकीर्द बहुधा अल्प असते. म्हणून अधिक कुशल रनिंग बॅकपेक्षा थोडा कमी सिद्ध झालेला क्वार्टरबॅक मोलाचा ठरू शकतो.

३) पुराव्याचे स्वरूप : महाविद्यालयीन सामन्यांतील कामगिरी हाच खरा पुरावा, असे काही चाहते मानतात. इतर काहीजण शारीरिक चाचण्यांवर भर देतात. १९८७ पासून इंडियानापोलिस येथे उमेदवारांची एकत्रित तपासणी होते. तेथे ४० यार्ड अंतराची धाव, उंच उडी, वजन उचलणे इत्यादींची मोजमापे घेतली जातात.

४) वर्तमान विरुद्ध भविष्य : एका आवडत्या खेळाडूसाठी पुढील वर्षांच्या पाळ्या देऊन टाकाव्यात काय, हा प्रश्नही वारंवार उपस्थित होतो. १९९० च्या दशकाच्या प्रारंभी डॅलस काउबॉईज संघाने प्रत्येक पाळीस गुण देणारा तक्ता तयार केला. त्यात पहिल्या पाळीस ३००० गुण होते. अशा देवघेवींना त्यामुळे हिशेबाचे रूप आले.

१९९९ ची निवड : एक अभ्यास

उपरोक्त सर्व भूमिका एकत्र आलेल्या दिसतात त्या फिलाडेल्फियाच्या उदाहरणात. १९९८ च्या हंगामात ईगल्स संघाने १६ पैकी १३ सामने गमावले. परिणामी १९९९ च्या ड्राफ्टमध्ये दुसरी पाळी त्यांच्या वाट्यास आली. चाहत्यांतील एका मोठ्या वर्गास टेक्सास विद्यापीठाचा रनिंग बॅक रिकी विल्यम्स हवा होता. १९९८ चा सर्वोत्कृष्ट महाविद्यालयीन खेळाडूचा हाइजमन पुरस्कार त्यास मिळाला होता व महाविद्यालयीन कारकिर्दीतील एकूण धाव-यार्डांचा विक्रमही त्याने मोडला होता. शहराचे तत्कालीन महापौर एड रेंडेल यांनीही विल्यम्सच्या बाजूने जाहीर मत दिले. एका स्थानिक नभोवाणी केंद्राचे निवेदक अँजेलो कटाल्डी यांनी सुमारे तीस चाहत्यांना बसने न्यूयॉर्कच्या निवड-सभागृहात नेले.

१७ एप्रिल १९९९ रोजी ईगल्सने सिराक्यूज विद्यापीठाचा क्वार्टरबॅक डोनोव्हन मॅकनॅब याचे नाव जाहीर केले. २२ वर्षांचा हा तरुण मंचावर आला तेव्हा त्याच्या नव्या संघाच्या चाहत्यांनी त्याची हुर्यो उडविली.

पुढील घटनाक्रम सर्वश्रुत आहे. प्रशिक्षक अँडी रीड यांच्या मार्गदर्शनाखाली मॅकनॅबने संघास पाच वेळा राष्ट्रीय परिषदेच्या अंतिम सामन्यापर्यंत व फेब्रुवारी २००५ मध्ये सुपर बोलपर्यंत नेले. तो सामना ईगल्सने गमावला. २०१३ मध्ये संघाने त्याचा ५ हा क्रमांक सन्मानपूर्वक निवृत्त केला. दुसरीकडे विल्यम्ससाठी न्यू ऑर्लीन्स सेंट्स संघाने त्या वर्षीच्या आपल्या सर्व पाळ्या आणि २००० सालची पहिली व तिसरी पाळी देऊन टाकली. त्या हंगामात सेंट्सने केवळ ३ सामने जिंकले व प्रशिक्षक माइक डिटका यांना पदावरून दूर व्हावे लागले.

यावरून चाहते चुकले आणि संघ बरोबर होता, असा सरळ निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. परंतु तो अपुरा आहे. विल्यम्स हा सामान्य खेळाडू नव्हता. २००२ मध्ये मायामी संघाकडून १,८५३ यार्ड धावून तो लीगमध्ये अग्रस्थानी राहिला व कारकिर्दीत त्याने दहा हजारांहून अधिक यार्डांचा पल्ला गाठला. त्याच्या गुणवत्तेविषयीचा चाहत्यांचा अंदाज खोटा नव्हता. जागेच्या मूल्याचा व संघाच्या स्थितीचा विचार मात्र त्यांच्या युक्तिवादात कमी पडला. १९९८ मध्ये ईगल्सने तीन क्वार्टरबॅक वापरून पाहिले होते आणि एकही स्थिरावला नव्हता.

‘क्वार्टरबॅक घ्यावा’ हे तत्त्वही स्वतः यशाची हमी देत नाही. त्याच ड्राफ्टमध्ये पहिल्या १२ पाळ्यांत पाच क्वार्टरबॅक निवडले गेले. तिसऱ्या क्रमांकाने सिनसिनाटी संघात गेलेला अकिली स्मिथ चार हंगामांत केवळ १७ सामन्यांत प्रारंभापासून खेळू शकला. सिनसिनाटीचा विचार फिलाडेल्फियासारखाच होता, फळ मात्र वेगळे मिळाले.

अनिश्चितता आणि तज्ज्ञता :

हे केवळ एका वर्षापुरते नाही. १९९८ मध्ये पेटन मॅनिंग श्रेष्ठ की रायन लीफ, यावर जाणकारांत गंभीर मतभेद होते. पहिल्या क्रमांकाचा मॅनिंग पाच वेळा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, तर दुसऱ्या क्रमांकाच्या लीफचा अखेरचा सामना २००१ मध्येच झाला. २००० मध्ये टॉम ब्रेडी हा १९९ व्या क्रमांकापर्यंत शिल्लक होता. त्याने पुढे सात सुपर बोल जिंकले. त्याला निवडणाऱ्या न्यू इंग्लंड पेट्रियट्स संघानेही आधीच्या पाळ्यांत इतर खेळाडूच निवडले होते, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

केड मॅसी व रिचर्ड थेलर या अभ्यासकांनी २०१३ मध्ये प्रकाशित केलेल्या संशोधनात या प्रश्नाचे संख्यात्मक विश्लेषण केले. एकाच जागेसाठी लागोपाठ निवडल्या गेलेल्या दोन खेळाडूंपैकी आधी निवडलेला सरस ठरण्याची शक्यता त्यांना सुमारे ५२ टक्केच आढळली. म्हणजे नाणेफेकीहून ती फारशी अधिक नव्हती. वरच्या पाळीसाठी संघ तिच्या वास्तव मूल्यापेक्षा अधिक किंमत मोजतात, असेही त्यांनी दाखविले. २०११ च्या करारानंतर नवोदितांच्या वेतनावर मर्यादा आल्याने त्या हिशेबातील वेतनाचा भाग बदलला, परंतु अंदाजाच्या मर्यादा कायम राहिल्या. यावरून चाहत्यांचे अज्ञान आणि तज्ज्ञांचे ज्ञान यांतील अंतर समजले जाते तितके मोठे नाही, असे दिसून येते.

खेळाडूची बाजू :

या वादात ज्याच्याविषयी बोलले जाते त्या तरुणाचे मत क्वचितच विचारले जाते. त्याने कोणत्या शहरात राहावे व कोणासाठी खेळावे, हे इतर लोक ठरवितात. जेम्स स्मिथ या खेळाडूने या पद्धतीस न्यायालयात आव्हान दिले, तेव्हा १९७८ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने ड्राफ्टचे तत्कालीन स्वरूप स्पर्धाविषयक कायद्याचा भंग करणारे ठरविले. त्यानंतर खेळाडू संघटनेशी होणाऱ्या सामूहिक कराराच्या आधारे ही पद्धत टिकून आहे. २००४ मध्ये ईलाय मॅनिंगने सॅन दिएगो संघाकडून खेळण्यास आधीच नकार कळविला व निवडीनंतर त्याची न्यूयॉर्क जायंट्सकडे बदली झाली. असा नकार देण्याचे बळ फार थोड्यांकडे असते. मॅकनॅबची हुर्यो झाली ती त्याने न घेतलेल्या निर्णयाबद्दल. क्रमनिवडीने दुर्बळ संघास न्याय मिळतो, परंतु त्याचे मोल खेळाडूच्या स्वातंत्र्यातून दिले जाते, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे.

समारोप :

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, चाहत्यांचा वाद म्हणजे रिकामा गोंगाट नव्हे. मर्यादित संधी, अपुरी माहिती व दूरचे परिणाम या परिस्थितीत निर्णय कसा घ्यावा, याची ती एक सार्वजनिक चर्चा असते. दुसरा निष्कर्ष असा की, निवडीचे मूल्यमापन केवळ फलितावरून करणे अन्यायाचे ठरते. निर्णयाच्या दिवशी हाती असलेल्या माहितीचा उपयोग कसा केला गेला, हा निकष अधिक योग्य होय. या निकषावर १९९९ चा फिलाडेल्फियाचा निर्णय सबळ ठरतो, आणि चाहत्यांचे मतही पूर्णतः निराधार ठरत नाही. तिसरा निष्कर्ष असा की, टीका निर्णय घेणाऱ्यावर व्हावी, निवडल्या गेलेल्या तरुणावर नव्हे.

तळाच्या संघास पहिली संधी देणाऱ्या या पद्धतीमुळे सोळापैकी तेरा सामने हरलेल्या संघाच्या चाहत्यासही पुढील हंगामाविषयी बोलण्याजोगे काही उरते. या वादाचे सातत्य व त्यातील उत्कटता यांचे मूळ प्रामुख्याने याच आशेत असल्याचे दिसून येते.