न्यायाधीशी : एका पदाचा परिचय
शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकसमयी, 1674 साली, सिद्ध झालेल्या अष्टप्रधानमंडळात न्यायाधीशपद निराजी रावजी यांच्याकडे होते. आणि लढाईची चाकरी ज्यांना माफ होती अशा दोनच प्रधानांत, पंडितरावांसमवेत, न्यायाधीशाची गणना होत असे. फौज नाही, किल्ला नाही, मुलूखगिरी नाही. असे असता ज्याच्या शब्दापुढे फौजबंद सरदारांनीही मान लववावी असे हे पद कशाच्या बळावर उभे राहिले, याचा शोध घेऊ लागले की पाऊल आपोआप सातारा प्रांताकडे वळते.

साताऱ्यालगत, कृष्णा आणि वेण्णा जिथे एकत्र येतात त्या क्षेत्र माहुलीत रामशास्त्री प्रभुणे जन्मले. विद्येला आरंभ उशिरा झाला, पण तो काशीस जाऊन अध्ययन करण्याच्या निश्चयाने झाला. पुढे पेशव्यांच्या पदरी शास्त्री म्हणून राहून 1759 साली ते मुख्य न्यायाधीश झाले.

त्या काळच्या न्यायाधीशीचे कामकाज आजच्या कोर्टाहून पुष्कळ निराळे होते. वाद बहुधा वतनाचे, म्हणजे पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी, जोशीपण यांचे असत; फिर्याद गुदरली की उभयपक्षांकडून जामीन घेतला जाई, पंचांचा निर्णय मान्य करू असा राजीनामा लिहून घेतला जाई, आणि मग तकरिरा, साक्षीदारांच्या जबान्या, जुन्या सनदा व महजर तपासून निवाडपत्र तयार होई. जिंकणाऱ्याने हरकी आणि हरणाऱ्याने गुन्हेगारी सरकारात भरावी, अशी वहिवाट होती. न्याय मुख्यतः गोताने आणि पंचायतीने करावा आणि न्यायाधीशाने त्या साऱ्या व्यवस्थेवर शास्त्राचा व सचोटीचा धाक ठेवावा, ही तिच्यातील योजना मला अत्यंत समंजस वाटते. गावच्या शिवेचा तंटा गावच्या वृद्धांइतका कोणास समजणार? उणीव होती ती वेगळ्याच ठिकाणी. न्यायाधीशाची नेमणूक, तैनात आणि बडतर्फी ही सर्वस्वी पेशव्यांच्या मर्जीवर अवलंबून होती, आणि ज्याची मर्जी सांभाळावयाची त्याच्यावरच आरोप आला तर काय करावे, याचे उत्तर कोणत्याही दप्तरात लिहिलेले नव्हते.

ते उत्तर रामशास्त्र्यांनी दिले. 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा वध झाला. चौकशीअंती दोष त्यांचे चुलते आणि गादीचे नवे धनी रघुनाथराव यांच्याकडे येताच, या पातकास देहान्तावाचून प्रायश्चित्त नाही, असे शास्त्र्यांनी गादीवर बसलेल्या त्याच पुरुषाच्या समक्ष सांगितले आणि पद सोडून ते वाईनजीकच्या एका गावी निघून गेले. निर्णय अमलात आणण्याचे साधन त्यांच्यापाशी नव्हते. होते ते केवळ पद टाकून देण्याचे. परंतु रघुनाथरावांविरुद्ध एकत्र आलेल्या कारभाऱ्यांनी, म्हणजे बारभाईंनी, कारभार हाती घेतल्यावर त्यांना सन्मानपूर्वक परत बोलावून आणले, आणि 1789 साली देह ठेवीपर्यंत त्यांचा अधिकार कायम राहिला. ही हकीकत आदराने नोंदवणारा इतिहासकार ग्रँट डफ हा 1818 नंतर साताऱ्यास इंग्रजांचा प्रतिनिधी होता, ही गोष्टही ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

1848 साली सातारचे राज्य खालसा झाले आणि न्यायदानाचे सूत्र परक्यांच्या हाती गेले. त्यानंतर शंभर वर्षे पुरी होण्याच्या आतच क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने, आज सांगली जिल्ह्यात मोडणाऱ्या कुंडलसारख्या गावांच्या आधाराने, न्यायदान मंडळे उभारून इंग्रजी कचेरीकडे पाठ फिरवली. पंचायतीची जुनी सवय रयतेत किती खोल मुरलेली होती, हे त्यावरून दिसते.

साताऱ्यातच, 16 मार्च 1901 रोजी, संस्कृत विद्येची परंपरा असलेल्या घरात प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर जन्मले, आणि 1 फेब्रुवारी 1964 रोजी ते भारताचे सरन्यायाधीश झाले. रामशास्त्र्यांना जे कधीच लाभले नव्हते ते त्यांना राज्यघटनेने दिले होते: वयाच्या पासष्टाव्या वर्षापर्यंतची निश्चित मुदत, आणि संसदेच्या दोन्ही सभागृहांच्या विशेष बहुमतावाचून दूर न होण्याची हमी. ती हमी किती मोलाची आहे, याचा प्रत्यय अवघ्या काही आठवड्यांत आला. उत्तर प्रदेशच्या विधानसभेने हक्कभंगासाठी तुरुंगात धाडलेल्या केशव सिंह नावाच्या गृहस्थास अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांनी जामीन दिला, तेव्हा सभागृहाने त्या न्यायाधीशांनाच धरून आणण्याचा ठराव केला. उच्च न्यायालयाच्या अठ्ठावीस न्यायाधीशांनी एकत्र बसून त्यास स्थगिती दिली, आणि राष्ट्रपतींनी तो पेच सर्वोच्च न्यायालयाच्या अभिप्रायासाठी धाडला. गजेंद्रगडकरांनी बहुमताच्या वतीने असा अभिप्राय दिला की, नागरिकाचा अर्ज ऐकण्याचा न्यायालयास अधिकार आहे, आणि तो ऐकल्याने न्यायाधीशांकडून सभागृहाची अप्रतिष्ठा होत नाही. दिल्लीत बसलेल्या या सातारकरास त्यासाठी पद सोडावे लागले नाही. आणि पुढे 1965 साली केशव सिंहाचा मूळ अर्ज गुणावगुणावर ऐकून अलाहाबादच्या न्यायालयानेच तो फेटाळला व उरलेली शिक्षा भोगण्यास त्याला सांगितले.