जुन्या धन्याची निंदा आणि कायदा

नोकरी सुटते, पण मनांतील सल सुटत नाहीं. पूर्वीं तो चार मित्रांत बोलून हलका होई. आज तो इंटरनेटवर लिहिला जातो व अनोळखी लोकही वाचतात. अशा वेळीं कायदा काय म्हणतो, हें जाणून घेणें हिताचें आहे.

एखाद्याच्या लौकिकास बाध आणणारें विधान प्रसिद्ध करणें ही अब्रुनुकसानी होय. आणि लौकिक जसा व्यक्तीस, तसाच कंपनीसही असतो. १८६० च्या दंडसंहितेंतील हा गुन्हा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ३५६ व्या कलमांत आला आहे. दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही, किंवा समाजसेवा अशी त्याची शिक्षा आहे. शिवाय एक वर्षाच्या आंत भरपाईचा दिवाणी दावाही लावतां येतो.

मग गप्पच बसावें काय? मुळींच नाहीं. दिवाणी दाव्यांत सत्य हा पुरेसा बचाव आहे. फौजदारींत मात्र तें प्रसिद्ध करण्यांत लोकहितही असावें लागतें. म्हणून ‘मालक चोर आहे’ असें न लिहितां, ‘माझा मार्चचा पगार जूनपर्यंत मिळाला नव्हता’ असें लिहावें, आणि त्याचा कागद जपून ठेवावा. नेमणूकपत्रांत गुप्ततेची अट असल्यास ती आधीं वाचावी. टोपणनांवावर विसंबूं नये. लेखकाची ओळख उघड करण्याचा हुकूम न्यायालय देऊं शकतें.

आणि गाऱ्हाणें खरोखरच पगाराचें असेल, तर तें प्रथम कामगार अधिकाऱ्याकडे न्यावें. अधिकार असलेल्या माणसापुढें सद्भावनेनें केलेली तक्रार हा कायदा अब्रुनुकसानी मानीत नाहीं.